डोळा लाल आणि पाठ आखडलेली

घरात कुणाचा डोळा लाल झाला की आपल्या बायकांचं निदान ठरलेलं असतं : डोळे आले! बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पावसाळा लागला की डोळ्यांची साथ यायचीच. २०२३ च्या जुलैत आळंदीला सुरू झालेली साथ तर बघता बघता महाराष्ट्रभर पसरली. शाळेतून थोरल्याने आणायची, मग धाकट्याला, मग आईला आणि शेवटी ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या घरधन्यालाही. चार-आठ दिवस चिपडं पुसायची, टॉवेल वेगळे ठेवायचे, की झालं. या दुखण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की एखादा वेगळाच लाल डोळा समोर आला तरी आपण त्यालाही त्याच पंगतीत बसवतो.

आज लिहायचं आहे ते या वेगळ्या लाल डोळ्याबद्दल. त्याचं कारण शोधायला डॉक्टरांना पुष्कळदा थेट रोग्याच्या पाठीपर्यंत जावं लागतं. डोळा कुठे आणि पाठ कुठे, असं वाटेल. पण हे दोघं एकाच दुखण्याची भावंडं असू शकतात, आणि ती ओळख वेळेवर पटली नाही तर किंमत मोजावी लागते ती नजरेची.

दोन डोळ्यांतला फरक

डोळे येतात तेव्हा वाळू गेल्यासारखं खुपतं, चिपडं येतात, सकाळी उठताना पापण्या चिकटलेल्या असतात. आज एक डोळा तर उद्या दुसरा. पण चिपड पुसून टाकलं की भिंतीवरचं कॅलेंडर बहुधा पहिल्यासारखं वाचता येतं.

दुसऱ्या डोळ्याची तऱ्हा निराळी. तो बहुधा एकटाच लाल होतो. दुपारपर्यंत काही नव्हतं आणि दिवेलागणीला ठणका सुरू झाला, इतका अचानक. हे दुखणं वरवर खुपण्याचं नसतं. आत, खोलवर दुखतं, भुवईपर्यंत कळ जाते. उजेड सोसवत नाही. स्वयंपाकघरातली ट्यूब लावली तरी डोळा मिटून घ्यावासा वाटतो. पाणी घळाघळा येतं, पण चिपड नसतं. नजर धुरकट होते. आरशात नीट पाहिलं तर लाली बुबुळाच्या कडेने कडं घातल्यासारखी गडद दिसते, आणि त्या डोळ्यातली बाहुली दुसरीपेक्षा बारीक झालेली असते.

आणखी एक खूण सांगते. दुखरा डोळा हाताने झाकून चांगल्या डोळ्यावर उजेड पाडला, तरी कळ उठते ती झाकलेल्या डोळ्यात! एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात, आणि सुजलेला पडदा आकसला की दुखतो, म्हणून असं होतं.

यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं. ‘उद्या बघू, रविवार जाऊ दे’ नको. आणि डोळा लाल होऊन दुखतोय, जोडीला डोकं फुटतंय, उलट्या होताहेत, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसताहेत, असं असेल तर तो काचबिंदूचा झटकाही असू शकतो. तिथे हिशेब तासांचा असतो.

आत काय घडतं?

बुबुळाला रंग देणारा पडदा आणि त्याच्या मागे पसरलेला रक्तवाहिन्यांचा थर, या सगळ्याला मिळून युव्हिया म्हणतात. लॅटिन भाषेत युव्हा म्हणजे द्राक्ष. डोळ्याचं बाहेरचं आवरण सोललं तर आतला हा थर काळ्या द्राक्षासारखा दिसतो, त्यावरून हे नाव पडलं. त्याला सूज आली की तो युव्हायटिस. पाठीच्या दुखण्याबरोबर येतो तो बहुधा पुढच्या रंगीत पडद्याचा.

सुजलेल्या पडद्यातून पांढऱ्या पेशी आणि चिकट द्रव्य डोळ्यातल्या नितळ पाण्यात उतरतं. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरपीत धुळीचे कण तरंगताना आपण पाहतो ना, अगदी तसे हे कण डॉक्टरांना स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रातून दिसतात. हनुवटी टेकवून कपाळ पट्टीला लावायचं, ते यंत्र. ते उगीच बिल वाढवायला नसतं बरं का! नुसती बॅटरी मारून हे दुखणं ओळखता येईलच असं नाही.

खरी भीती पुढे आहे. या पडद्याच्या लगेच मागे डोळ्याचं भिंग असतं. पाणी चिकट झालं की पडदा त्या भिंगाला चिकटून बसतो, खळीच्या कापडाची घडी चिकटावी तसा. गोल बाहुली मग वेडीवाकडी दिसू लागते. चिकटलेलं वेळेत सुटलं नाही तर डोळ्यातलं दडपण वाढतं. दुखणं पुन्हा पुन्हा आलं, उपचार अर्धवट राहिले, तर ऐन तारुण्यात मोतीबिंदू होतो, डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज येते. ही सगळी टाळता येण्यासारखी हानी आहे.

‘तुमची पाठ दुखते का हो?’

माझ्या माहितीतल्या एक बाई आहेत. सातारकडच्या, शाळेत शिक्षिका, वय चौतीस. चार वर्षांत तीनदा त्यांचा डोळा असाच लाल झाला. पहिल्यांदा उजवा. सासूबाईंनी गुलाबपाणी घातलं, शेजारणीने धण्याच्या पाण्याच्या घड्या सांगितल्या, शेवटी औषधाच्या दुकानातून थेंब आणले. महिनाभराने डोळा निवळला. दीड वर्षाने डावा. तेच थेंब. तिसऱ्यांदा पुन्हा उजवा, आणि तो नेमका नणंदेच्या मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात. मामीच नाही म्हटल्यावर कसं व्हायचं? काळा चष्मा लावून त्या लग्नात वावरल्या. फोटोत सगळे हसताहेत आणि यांचा एक हात कपाळावर, उजेड अडवायला. आठ दिवसांनी डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा बाहुली तीन ठिकाणी चिकटलेली होती.

डॉक्टरांनी थेंब घातले, तपासलं, आणि मग विचारलं, ‘‘तुमची पाठ दुखते का हो? सकाळी?’’

बाई चकित झाल्या. पाठ तर त्यांची दहा वर्षं दुखत होती! पहाटे चारला जाग यायची, कूस बदलायची तर पलंगाची कड धरून. सकाळी वाकून केर काढणं म्हणजे शिक्षा. पण नऊ-साडेनऊपर्यंत कामाच्या धबडग्यात पाठ मोकळी व्हायची आणि शाळेत कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. घरी सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं की हे बाळंतपणाचं आहे. वास्तविक दुखणं सुरू झालं ते लग्नाच्या वर्षी, पहिल्या मुलाच्याही आधी. पण हे कुणाच्या लक्षात राहणार?

पुढे तपासण्या झाल्या आणि नाव कळलं : अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. म्हणजे मणक्यांच्या सांध्यांना सूज आणणारा संधिवात. आपल्याकडे मान दुखणाऱ्या प्रत्येकाला ‘स्पाँडिलायटिस’ झालेला असतो आणि गळ्यात पट्टा असतो. ती बहुधा वयाप्रमाणे होणारी मणक्यांची झीज, तिचं नाव स्पाँडिलोसिस. हे दुखणं वेगळं. इथे शरीराची संरक्षणाची यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. पाठीचा कणा जिथे कमरेच्या हाडाला बसतो तिथल्या सांध्यांपासून बहुधा सुरुवात होते, आणि लक्ष दिलं नाही तर काही जणांचे मणके वर्षानुवर्षांत एकमेकांना जुळून कणा बांबूसारखा ताठ होतो. याच यंत्रणेचा रोख डोळ्यातल्या पडद्याकडेही वळतो. या रोगाच्या दर तीन-चार रोग्यांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा डोळ्याचा हा त्रास होतो.

उलट बाजूने पाहिलं तर चित्र आणखी बोलकं आहे. डब्लिनच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, असा अचानक आलेला युव्हायटिस घेऊन इस्पितळात आलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना या जातीचा संधिवात होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. डोळ्याने चहाडी केली म्हणून पाठीचं कळलं!

बायकांची कंबर दुखायचीच!

हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं असेल? आणि किती वेळा स्वतःच म्हटलं असेल? बाळंतपणात शेक-शेगडी नीट झाली नाही, सव्वा महिना व्हायच्या आत पाण्यात हात घातले, सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई दिली, अंगावरून पांढरं जातं, वजन वाढलंय. कारणांना तोटा नाही. डॉक्टरांच्या पुस्तकातही पूर्वी हा तरुण पुरुषांचा रोग म्हणूनच नोंदलेला असे. आता कळतं की तसं नाही. क्ष-किरणात बदल दिसू लागलेल्या रोग्यांत पुरुष दोन-तीन पट असतील, पण क्ष-किरणात काही न दिसणाऱ्या सुरुवातीच्या अवस्थेत बायका जवळजवळ बरोबरीने असतात. निदानाला मात्र बायकांना पुरुषांपेक्षा अधिक वर्षं लागतात. माझ्या मते यात रोगाइतकाच आपल्या सोसण्याच्या कौतुकाचाही हात आहे.

मग सूज असलेली पाठ ओळखायची कशी? कामाने दुखणारी पाठ विश्रांतीने बरी वाटते, दुपारी जरा आडवं झालं की सुटते. सुजेची पाठ विश्रांतीने बिघडते आणि हालचालीने सुधारते. ती उत्तररात्री जागं करते. सकाळी अर्धा तास किंवा जास्त आखडलेली असते. कधी डावं कुल्लं दुखतं, कधी उजवं. दुखणं हळूहळू सुरू होतं, बहुधा विशी-तिशीत, पंचेचाळिशीच्या आतच, आणि तीन महिन्यांहून अधिक रेंगाळतं. टाच दुखते, सकाळी पहिलं पाऊल टेकवताना. घरात कुणाला असाच त्रास, सोरायसिस किंवा आतड्याची जुनी सूज असेल तर तेही सांगायला हवं.

अशा पाठीला तुडवून घेणं, हाड बसवणाऱ्याकडून झटके देऊन घेणं, पायाळू माणसाचा पाय लावून घेणं हे प्रकार नकोत. पाय नुसता टेकवला तर फार बिघडणार नाही, पण जुळत आलेल्या मणक्यांना झटका सोसत नाही.

१९७३ सालची गोष्ट

डोळा आणि पाठ यांचं नातं डॉक्टरांना पूर्वीपासून दिसत होतं. ते जोडणारा धागा सापडला १९७३ मध्ये. लंडनला ब्रूअर्टन आणि त्यांचे सहकारी, आणि लॉस एंजेलिसला दुसरा एक गट, यांना एकाच वर्षी आढळलं की या रोगाच्या बहुतेक रोग्यांच्या रक्तपेशींवर एकच खूण असते. तिला आता एचएलए-बी २७ म्हणतात. ब्रूअर्टन यांनी त्याच वर्षी अचानक येणाऱ्या युव्हायटिसच्या रोग्यांतही तीच खूण पुष्कळांना असल्याचं दाखवलं.

ही तपासणी हल्ली शहरातल्या प्रयोगशाळांतून होते, आणि तिच्या कागदाने घरात उगाच रडारड होते, म्हणून स्पष्ट सांगते. ही खूण असलेल्या शंभर माणसांतल्या जेमतेम पाचांना हा संधिवात होतो. बाकीचे पंच्याण्णव जन्मभर ठणठणीत राहतात. आई किंवा वडिलांकडून ती मुलात येण्याची शक्यता निम्मी. घरात आधीच कुणाला रोग असेल तर ती खूण असलेल्या मुलाला धोका इतरांपेक्षा जास्त, तरीही बहुतेकांना काही होत नाही. तेव्हा बऱ्या असलेल्या मुलाची तपासणी करत बसू नये. त्याची पाठ सकाळी आखडू लागली किंवा डोळा तसा लाल झाला तर मात्र वेळ दवडू नये. आणि मुलीचं लग्न ठरायचं आहे म्हणून तिचा डोळा, तिची पाठ लपवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. स्थळ टिकतं, डोळा टिकत नाही.

थेंबांचा संसार

डोळ्याचा उपचार बहुधा दोन प्रकारच्या थेंबांनी होतो. एक सूज उतरवणारे स्टिरॉइडचे, सुरुवातीला जागेपणी तासातासाला. दुसरे बाहुली मोठी करणारे. पडदा भिंगापासून सुटावा आणि ठणका थांबावा म्हणून ते असतात. वेळेत सुरू झाले तर बहुतेक डोळे दीड-दोन महिन्यांत पूर्ण निवळतात. आमच्या शिक्षिकाबाईंचं दोन ठिकाणचं चिकटलेलं सुटलं, एका ठिकाणचं राहिलं. दिसतं उत्तम.

तासातासाला थेंब म्हणजे घरातल्या बाईची परीक्षाच. इतरांना घालताना आपण घड्याळ लावतो, स्वतःची पाळी आली की कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात थेंब राहून जातो. हे काम सरळ मुलांवर किंवा यजमानांवर सोपवावं. पांढरट, गढूळ दिसणारं औषध असेल तर दर वेळी बाटली हलवून घ्यायची, नाहीतर औषध तळाला आणि डोळ्यात नुसतं पाणी. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरं औषध पाच-दहा मिनिटांनी. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी जवळचं दिसेनासं होतं. सुईत दोरा ओवला जात नाही, तांदळातले खडे दिसत नाहीत. घाबरू नये, ते औषधाचंच काम. तेवढे दिवस स्कूटर मात्र नको.

डोळा पांढरा झाला म्हणून थेंब आपल्या मनाने बंद करायचे नाहीत. ते आठवड्या-आठवड्याने कमी करत आणायचे असतात. एकदम थांबवले की सूज उसळून येते.

आणि याच थेंबांची दुसरी बाजू. दुकानातून मागून आणलेलं स्टिरॉइड भलत्या डोळ्यात गेलं तर घात होतो. शेतात उसाचं पाचट डोळ्याला लागलं, भात झोडताना तूस गेलं, त्यावर बुरशीची जखम झाली, की तिथे हे थेंब आगीत तेल ओततात. नागिणीच्या जातीच्या विषाणूने आलेल्या जखमेचंही तेच. डॉक्टरांच्या नजरेखाली नसताना महिनोन् महिने घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. अंगावरचं दूध, मध, तूप, एरंडेल, घरचं काजळ यांतलं काहीही या डोळ्यात नको. आजीच्या हाताला गुण असेल, पण ही सूज डोळ्याच्या आत आहे, वरून घातलेलं तूप तिथवर पोचत नाही.

पाठीचं औषध आणि डोळा

पाठीसाठी संधिवाततज्ज्ञ, म्हणजे र्‍हुमॅटॉलॉजिस्ट गाठावा. क्ष-किरण वर्षानुवर्षं चांगला येऊ शकतो, सूज एमआरआयमध्ये आधी दिसते. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या हा पहिला उपचार, त्याही डॉक्टरांच्या सल्ल्याने, कारण पोट आणि मूत्रपिंड सांभाळावं लागतं. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर पहिल्या भेटीतच सांगावं, काही औषधं तेव्हा चालत नाहीत. रोजचा व्यायाम हे अर्धं औषध. ताण देणं, पोहणं, पंधरा-वीस मिनिटं पालथं पडून राहणं. विडी-सिगरेट ओढणाऱ्याचा हा रोग अधिक बिघडतो, हे घरातल्या पुरुष रोग्यांसाठी.

तेवढ्याने भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत, आणि इथेच पाठीच्या डॉक्टरांना डोळ्याचं सांगणं महत्त्वाचं ठरतं. अ‍ॅडॅलिम्युमॅब या औषधाने पाठीबरोबर डोळ्याचे झटकेही कमी होतात. एटानरसेप्ट नावाचं त्याच कुळातलं दुसरं औषध पाठीला गुणकारी, पण डोळ्याला तेवढं नाही. तुम्ही डोळ्याचं बोललाच नाहीत तर डॉक्टर निवड कशी करणार? अ‍ॅडॅलिम्युमॅब २०१४ च्या अखेरीपासून भारतातही बनू लागलं. तरी ते स्वस्त नाही, आणि त्याआधी छातीचा क्षयरोग दबा धरून नाही ना हे तपासावंच लागतं.

क्रिकेटवेड्या मुलाला हा रोग निघाला तर त्याला इंग्लंडच्या मायकेल आथर्टनची गोष्ट सांगावी. हाच रोग अंगावर वागवत तो ११५ कसोटी सामने खेळला आणि १९९५ मध्ये जोहान्सबर्गला दहा तासांहून अधिक वेळ उभा राहून नाबाद १८५ धावा करून त्याने सामना वाचवला.

डोळ्याचा झटका पाठीच्या दुखण्याबरोबरच येईल असं नाही. पाठ शांत असताना येतो, कधी पाठीच्याही आधी येतो. एकदा आला की पुन्हा येण्याचा संभव असतो, कधी या डोळ्यात, कधी त्या. म्हणून दुधाचा हिशेब लिहितो त्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, कुठला डोळा, कुठले थेंब आणि किती दिवस हे लिहून ठेवावं. पान फाडून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं आणि संधिवाताच्या डॉक्टरांकडेही. थेंबांची उरलेली बाटली मात्र फ्रीजच्या दारात ठेवू नये. फोडून महिना झाला की टाकून द्यावी, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या बंटीचे डोळे आले की ‘आमच्याकडे आहेत थेंब’ असं तोंडून निघायचं नाही.